आधी केमो, मग ऑपरेशन : पुढे जखमेची काळजी

"औषधानेच गाठ विरघळली, मग आता चिरफाड कशाला?" स्तनाच्या कर्करोगाविषयी बोलायला आम्ही वस्तीत बसलो की हा प्रश्न हमखास येतो. दुसरी लगेच म्हणते, "केमोने अंग पोखरून निघालंय, जखम भरेल का?" दोघींचीही भीती खरी आहे, म्हणून त्याबद्दलच लिहितो.

आपल्याकडे अनेक भगिनी गाठ मोठी झाल्यावर किंवा काखेत पसरल्यावर दवाखाना गाठतात. अशा वेळी डॉक्टर आधी केमो देतात. गाठ लहान होते, ऑपरेशन सोपे होते, काहींचा स्तनही वाचतो. पण हाताला गाठ लागत नाही म्हणजे ती मुळासकट गेली असे नाही. ऑपरेशन टाळणाऱ्या भगिनींचा आजार पुन्हा उसळतो आणि तेव्हा उपचार फार अवघड होतात.

केमोने रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात, म्हणून शेवटच्या डोसनंतर साधारण तीन ते सहा आठवडे थांबून, रक्त तपासून ऑपरेशन करतात. हे अंतर पाळले तर केवळ केमोमुळे जखमेचा त्रास फारसा वाढत नाही, असेच मोठ्या पाहणींतून दिसले आहे. मात्र आठ आठवड्यांपलीकडे लांबवू नये. गावची जत्रा, घरचे लग्न, यासाठी तारीख पुढे ढकलू नका. जखमेला खरा धोका असतो तो आटोक्यात नसलेल्या साखरेचा, अशक्तपणाचा आणि तंबाखूचा. मिसरी हीदेखील तंबाखूच. तिच्यातल्या निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, कातडीला रक्त कमी पोचते आणि टाक्यांची कडा काळी पडू शकते. आमच्या आयाबायांना हे पटवणे सगळ्यात जड जाते, तरी सांगतोच.

सर्वांत जास्त आढळणारा त्रास म्हणजे पाणी साचणे. काखेतल्या गाठी काढल्या की तिथे पोकळी राहते, त्यात पिवळसर पाणी जमते. ते बाहेर यावे म्हणून नळी ठेवतात. रोज किती पाणी आले ते मोजून वहीत लिहायचे. ते कमी झाले की, अनेक ठिकाणी दिवसाला 30 मिलीच्या खाली आले की, नळी काढतात.

आमच्या ओळखीतल्या एका ताईंची नळी निघाली आणि चार दिवसांनी काख फुगली. "गाठ परत आली," असे मनात धरून त्या आठवडाभर गप्प राहिल्या. मुलाच्या डोक्यावर कर्ज, त्यात आणखी खर्च नको. शेवटी सुनेने कपडे बदलताना पाहिले. डॉक्टरांनी सुईने पाणी काढले आणि संध्याकाळी त्या घरी आल्या. आठवडाभर झोप मात्र गेली ती गेलीच. थोडे पाणी आपोआप जिरते. ताण वाढला, दुखू लागले तर डॉक्टरच काढतात. घरी दाबू नये, फोडू नये.

शेकूही नये. ऑपरेशननंतर काख आणि दंडाची आतली बाजू बधिर होते. गरम पिशवीचा चटका कळत नाही, कातडी भाजते. हळद, पाला, राख हेही जखमेवर नको.

जखमेभोवती लाली, पू, दुर्गंधी, काळी कडा किंवा 100.4 च्या वर ताप दिसला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. अचानक फुगून निळसर झाले तर आत रक्त साचलेले असू शकते, तेव्हा रात्रही पाहू नका. जखम चिघळली की पुढचे रेडिएशनही रखडते.

हात जवळ घेऊन बसल्याने खांदा आखडतो. डॉक्टरांना विचारून, हळूहळू केस विंचरण्यापासून सुरुवात करावी. हाताची सूज मात्र महिन्यांनी, कधी वर्षांनीही येते. त्या हाताला भाकरी भाजताना चटका, शेतात काटा लागू देऊ नये. लागलाच तर धुऊन लक्ष ठेवावे.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत केमो, ऑपरेशन आणि रेडिएशन येते. डिस्चार्जनंतरची तपासणी व औषधे किती दिवस धरली आहेत, हे घरी निघण्यापूर्वीच आरोग्यमित्राला विचारा. त्या ताई आता दर वेळी नळीच्या पाण्याची ती वही घेऊन येतात. नव्या पेशंटला दाखवायला.