झाडावरचें अळंबें खालून पाहावें

खोडावर लाकडासारखें कठीण अळंबें दिसलें कीं त्यास सरसकट ‘फणसअळंबें’ म्हणण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. आम्हीही तसेंच समजत असूं. आमच्या गोठ्याजवळील आंब्याच्या बुंध्याशीं दर पावसाळ्यांत येणारें अळंबें मुलांच्या तोंडास उगाळून लावावयास आम्ही काढून ठेवीत असूं. तिसऱ्या वर्षीं वळवाच्या वाऱ्यांत तें झाड जमिनीलगत मोडून गोठ्यावर कोसळलें. गुरें रानांत होतीं म्हणून वांचलीं. शेंड्यास पालवी हिरवीगार होती. मोडल्या जागीं मात्र लाकूड पांढुरकें, भुसभुशीत व दोरे सुटणारें झालें होतें.

असा घात करणाऱ्या बुरशींत दोन प्रमुख होत: फेलिनस, म्हणजे आपलें खरें फणसअळंबें, आणि गॅनोडर्मा. दोन्ही कठीण, अर्धवर्तुळाकार व लाकूड कुजविणाऱ्या. वरून पाहतां फसगत होते. फेलिनस वरून काळसर व भेगाळ आणि खालून प्रथमपासूनच तांबूस तपकिरी असतो. गॅनोडर्मा वाढता असतां खालून पांढरा असतो व नखानें ओरखडतांच तेथें तपकिरी रेघ उमटते. त्याच्या खालच्या पाल्यावर कोकोसारखी धूळ सांचते. एका जातीची पाठ तर लाखेचा हात दिल्यासारखी चकाकते. गॅनोडर्मा बहुधा बुंध्याशीं वा मुळांवर येतो, फेलिनस बहुधा खोडावर. जुनें वाळलेलें अळंबें खालून तपकिरीच दिसतें. सबब ही परीक्षा पावसाळ्यांत ताज्यावर करावी. ओळख पटल्याविना औषधास मुळींच घेऊं नये.

अळंबें हें केवळ फळ होय; बुरशीचे तंतू लाकडाच्या आंत असतात. तें तोडून टाकल्यानें झाड बरें होत नाहीं. बुंधा ठोकून पाहावा. पोकळ आवाज आल्यास घर, गोठा वा वाट यांजवळील झाड पावसापूर्वीं उतरवावें. आंबा व फणस हीं १९६४ च्या वृक्षतोड अधिनियमांतील अनुसूचित झाडें आहेत. म्हणून आधीं परवानगी काढावी.

नारळाच्या बुंध्यांतून तांबूस द्रव पाझरून खालच्या झावळ्या लोंबूं लागल्यास गॅनोडर्म्याचा संशय घ्यावा. तो मातींतून व मुळांवाटे शेजारच्या माडांस लागतो. म्हणून रोगी माडाभोंवतीं २ फूट खोल व १ फूट रुंद चर खणावा, आणि मेलेल्या माडाचें खोड मुळांसकट काढून जाळावें.

आम्हीं तीन पावसाळे वरूनच पाहिलें. वाचकांनीं एकदां वांकून खालून पाहावें, इतकीच विनंती.