आत्मधिक्काराची उलटतपासणी

अमेरिकन मानसतज्ज्ञ अल्बर्ट एलिस (१९१३–२००७) यांनी १९५५ च्या सुमारास जी विवेकनिष्ठ उपचारपद्धती प्रवर्तित केली, तिचा मूलाधार असा की, माणसाला व्याकूळ करते ती केवळ घटना नव्हे, तर तिच्याविषयी त्याने मनाशी बाळगलेला दुराग्रह होय. ‘मी नापास झालो’ ही झाली नोंद. ‘म्हणून मी कवडीमोलाचा’ हा मात्र पुराव्यावाचून दिलेला निवाडा, आणि त्याची उलटतपासणी एलिस रुग्णाकडूनच करवीत : दाखला कोणता, आणि एका कृत्यावरून अख्ख्या माणसाची किंमत ठरविण्याचा अखत्यार कोणाचा?

हे सारे पटूनही मन जुन्याच वळणावर जाते, हे ते पुरते ओळखून होते. म्हणूनच लोकलज्जेने गांजलेल्यास, केळ्याला दोरी बांधून ते भर रस्त्यातून कुत्र्यासारखे फिरवून आणण्याचा, दिसावयास हास्यास्पद परंतु माझ्या मते शंभर उपदेशांहून प्रभावी असा, गृहपाठ ते देत. लोक क्षणभर पाहतात व आपल्या वाटेने जातात, एवढे त्यातून अनुभवास येई.

महाराष्ट्रात ही पद्धती रुजविण्याचे श्रेय मुख्यतः मुंबईचे मानसशास्त्रज्ञ डॉ. कि. मो. फडके यांना जाते. एलिस यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार १९६८ साली सुरू झाला आणि तो कित्येक दशके चालला.