लहान दुर्बीण आणि आकाशाचे छायाचित्र

२२ जानेवारी १८९८ रोजी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे खग्रास सूर्यग्रहणाचा वेध घेण्यासाठी देशी-परदेशी ज्योतिर्विद जमले होते. पुण्याचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नेगमवाला त्यांत होते. अमेरिकेतील लिक वेधशाळेचे कॅम्बेलही होते. कॅम्बेल यांच्या एका कॅमेऱ्याचे भिंग अवघे पाच इंच व्यासाचे, पण त्याचे नाभीय अंतर चाळीस फूट होते. भिंग जागच्या जागी स्थिर, आणि सरकणाऱ्या सूर्यबिंबाबरोबर छायाचित्राची काच यंत्राने सरकविलेली! खग्रास स्थिती टिकली जेमतेम दोन मिनिटे.

आज बडोद्याच्या हरणी भागातील एखाद्या हौशी तरुणाने साठविलेल्या पैशांतून दुर्बीण घ्यावयाचे ठरविले, तर जेऊरचा हा प्रसंग त्याने अवश्य ध्यानी ठेवावा. दुकानदार प्रथम सांगतो तो आकडा असतो ‘किती पट मोठे दिसते’ हा. छायाचित्रणात त्या आकड्याला काडीचीही किंमत नाही. तेथे विचारावयाचे ते नाभीय अंतर. ४०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीत, सुमारे २४ मिलिमीटर रुंद संवेदक असलेल्या कॅमेऱ्यावर, आकाशाचा जवळजवळ साडेतीन अंशांचा पट्टा उमटतो. कृत्तिकांचा पुंजका त्यात सुखाने मावतो. तेच अंतर १००० मिलिमीटर झाले की पट्टा दीड अंशाहूनही कमी उरतो आणि कृत्तिका चौकटीबाहेर सांडतात. चंद्राचे मात्र याच्या उलट आहे: ४०० मिलिमीटरला त्याचे बिंब पावणेचार मिलिमीटरचेच पडते. तेव्हा काय टिपावयाचे, हे आधी ठरवावे हे बरे.

दुसरी गोष्ट काचेची. साध्या दोन भिंगांच्या जोडीत सर्व रंगांचे किरण एकाच ठिकाणी मिळत नाहीत. डोळ्याला ते फारसे जाणवत नाही. कॅमेरा मात्र प्रत्येक तेजस्वी ताऱ्याभोवती जांभळे वलय दाखवितो. म्हणून अल्प-विकिरण काचेची, ज्यांना ‘ईडी’ म्हणतात ती, साठ ते ऐंशी मिलिमीटर व्यासाची दुर्बीण घ्यावी. शंभर मिलिमीटरची साधी दुर्बीण त्याच पैशांत मिळत असली तरी मोह आवरावा. चित्राच्या कडेचे तारे लांबट येऊ नयेत यासाठी क्षेत्र सपाट करणारे जोडभिंगही लागते. त्याची किंमत आधीच हिशेबात धरावी.

पण खरा खर्च तिवईवरच्या यंत्राचा आहे. आकाश दर मिनिटाला पाव अंश, म्हणजे चंद्रबिंबाच्या निम्म्याने, सरकते. स्थिर तिवईवर एका सेकंदातच ताऱ्याची रेघ होते. ताऱ्यामागे फिरणारे विषुववृत्तीय यंत्र हवे, आणि त्याचा अक्ष ध्रुवाकडे रोखलेला हवा. बडोद्याहून ध्रुव क्षितिजावर सुमारे बावीस अंश दिसतो. गच्चीच्या उत्तरेस उंच इमारत असेल तर तो झाकला जाईल. एकूण रकमेतील निम्म्याहून अधिक पैसे या यंत्रासाठी राखणाराच पुढे पस्तावत नाही.

हरणीत विमानतळ आहे आणि नैर्ऋत्येस शहराचा झगमगाट आहे. अशा आकाशात एकच दीर्घ छायाचित्र घेतले तर ते पांढरट होते. त्याऐवजी अनेक छोटी छायाचित्रे घेऊन संगणकावर एकत्र करावी. हिवाळ्यात कृत्तिका येथे जवळजवळ डोक्यावरून जातात, तेव्हा आरंभ त्यांच्यापासून करावा. सूर्याकडे वळावयाचे झाल्यास मात्र योग्य गाळणी भिंगाच्या पुढच्या तोंडावरच लावावी. एरवी डोळा क्षणात गमावला जातो.

पावसाळ्यात दुर्बीण सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. ओलीने भिंगावर एकदा बुरशी धरली की ती काढणे घरच्या घरी साधत नाही.