पत्र्याचं भोक बुजवण्याआधी

मासळी वाहणारा जुना ४०७ टेम्पो पाहा. दरवाजाच्या खालच्या कडेला, पायदानाजवळ रंगाला फुगे आलेले असतात आणि एखाद्या फुग्याच्या जागी बोट जाईल एवढं भोक असतं. मालक म्हणतो, "एवढंच बुजवून द्या." खरी फसगत इथेच होते. अशा जागी गंज बहुधा आतून बाहेर आलेला असतो. दरवाजाच्या पोकळीत बर्फाचं खारट पाणी आणि चिखल साचतो आणि पत्रा मागून खाल्ला जातो. गंज मूळ लोखंडाच्या निदान दुप्पट जागा घेतो, म्हणूनच वरचा रंग उचलला जातो. भोकाभोवती स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. चांगला पत्रा खणखणीत वाजतो, खाल्लेला बद्द वाजतो आणि टोकाने दाबलं तर टोक आरपार जातं. खणखणीत आवाज येईपर्यंतचा सगळा पत्रा कापायचा. वीतभर कापावा लागला तरी हात आखडता घेऊ नये.

लांबीने भोक भरतं, हा समज तर गॅरेजोगॅरेजी भेटतो. लांबी पाणी शोषते, आणि मागून उघडी राहिली की ते पाणी पत्र्याशीच धरून ठेवते. एखाद्या पावसाळ्यात कडा सुटतात. वेल्डिंगनंतरचा बारीक खोलगटपणा भरून काढायला मात्र ती हवीच. फायबरची चटई आणि रेझिन पाणी अडवतात, पण गंजावर त्यांची पकड टिकत नाही.

गंज काळा करणारी औषधं मिळतात. त्यांतलं टॅनिक किंवा फॉस्फोरिक आम्ल वरवरच्या गंजाचा स्थिर थर बनवतं. खाल्लेलं लोखंड त्याने परत येत नाही.

"वेल्डिंग मारलं की काम पक्कं" हेही अर्धंच खरं. केबिनचा पत्रा जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा. साध्या आर्क वेल्डिंगच्या रॉडने तो जळतो आणि भोक वाढतं. इथे बारीक तारेचं मिग वेल्डिंग हवं, तेही एक टाका इकडे, एक तिकडे, मध्ये पत्रा थंड होऊ देत. सलग ओढलं तर पत्रा वाकडा होतो. वेल्डिंगआधी बॅटरीची वायर काढायची आणि जवळचं अस्तर, फोम हलवायचं. जीआय पत्र्याचा तुकडा लावणार असाल, तर कडेचं जस्त आधी घासून काढा. जस्त ९०७ अंशांना उकळतं आणि त्याचा धूर छातीत गेला की थंडी वाजून ताप भरतो.

एवढं सगळं केल्यावर ग्राइंडर फिरतो, रंग लागतो आणि गाडी घरी जाते. मागची बाजू मात्र कोणी बघत नाही. वेल्डिंगच्या उष्णतेने तिथला रंग जळून लोखंड उघडं पडलेलं असतं आणि नवा गंज तिथूनच धरतो. माझ्या मते ही बाजू सोडणारं काम अपुरंच. पोकळीत नळी घालून मेणाचा किंवा तेलाचा फवारा मारून घ्या. बाहेरच्या उघड्या पत्र्याला एपॉक्सी प्रायमर उत्तम. नुसता रेड ऑक्साइड पाणी रोखत नाही, त्यावर रंग हवाच.

चासीला भोक असेल तर यातलं काहीही लागू नाही. चासीवर सगळा भार असतो. तिथे ठिगळ न लावता कंपनीच्या पद्धतीनेच दुरुस्ती करावी, नाहीतर चासीची ती खाल्लेली पट्टीच बदलावी.

दुरुस्तीनंतर दरवाजाच्या तळाची निचऱ्याची छिद्रं तारेने मोकळी करा, आणि मासळी उतरली की गाडी खालूनही गोड्या पाण्याने धुवा.