जुन्या पिकअप गाडीतील विरळ मिश्रण : दोष कसा ओळखावा?

भाजीपाल्याने भरलेली जुनी पेट्रोल पिकअप गाडी पहाटे बाजारपेठेकडे निघते. सपाटीवर ती बरी चालते. परंतु घाटाचा चढ लागताच इंजिन अडखळू लागते, कार्बोरेटरमधून फटफट आवाज येतो आणि इंजिन तापू लागते. अशा वेळी चालक बहुधा कार्बोरेटरचा स्क्रू फिरवून वेळ मारून नेतो. त्या दिवशी माल बाजारात पोहोचतो, परंतु मूळ दोष तसाच राहतो. पुढे ऐन हंगामात एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो किंवा पिस्टनला भोक पडते, आणि मोठ्या खर्चाची दुरुस्ती अंगावर येते. थोड्या काळजीपूर्वक परीक्षेने हे नुकसान टाळता येते.

विरळ मिश्रण म्हणजे काय?

एक भाग पेट्रोल पूर्णपणे जळण्यास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. हवा ह्याहून अधिक झाली किंवा पेट्रोल कमी पडले, की मिश्रण विरळ होते. फार विरळ मिश्रण सावकाश जळते. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला तरी आतील ज्वाळा विझलेली नसते. तिची आच त्या व्हॉल्व्हला लागत राहते. कधी कधी हीच ज्वाळा आत येणाऱ्या नव्या मिश्रणास पेटविते. कार्बोरेटरमधून येणारा आवाज तो हाच.

प्रथम करावयाच्या गोष्टी

टायमिंग मागे पडले किंवा टॅपेटचे अंतर कमी असले तरीही इंजिन तापते व ओढ कमी होते. म्हणून ह्या दोन गोष्टी आधी ठीक करून घ्याव्यात. नंतर चढावर गाडी चालवून इंजिन बंद करावे, ते निवू द्यावे आणि स्पार्क प्लग काढून पाहावेत. फिकट तपकिरी रंग हे चांगल्या मिश्रणाचे लक्षण होय; काजळी धरलेला प्लग अधिक पेट्रोल दर्शवितो; पांढरा, फोड आल्यासारखा प्लग विरळ मिश्रणाचा संशय निर्माण करतो. मात्र शिसेविरहित पेट्रोलावर प्लग मुळातच फिकट दिसतात. तेव्हा केवळ रंगावर निर्णय घेऊ नये.

चोकची परीक्षा अधिक खात्रीची आहे. तापलेले इंजिन अडखळत असताना चोक हळूहळू थोडा ओढावा. इंजिन सुधारले, तर मिश्रण विरळ आहे असे समजावे. अधिकच बिघडले, तर कारण अन्यत्र शोधावे.

हवा अधिक की पेट्रोल कमी?

हाच खरा प्रश्न आहे. मंद गतीत मॅनिफोल्डमध्ये ओढ सर्वांत जास्त असते. म्हणून फटीतून शिरणाऱ्या हवेचा दोष मंद गतीतच अधिक जाणवतो व वेग वाढविताच कमी होतो. उलट पेट्रोल कमी पडत असेल, तर मंद गती ठीक राहते आणि भार व चढ येताच गाडी दम तोडते.

पहिल्या प्रकारात कार्बोरेटरखालील पॅकिंग, मॅनिफोल्डचे पॅकिंग व रबरी नळ्या तपासाव्यात. इंजिन जेमतेम कोमट असताना जोडांवर ब्रशाने साबणाचे पाणी लावावे. इंजिनाचा आवाज बदलला, तर फट तेथेच आहे. ह्या कामी पेट्रोल कदापि वापरू नये; आग लागण्याचा धोका असतो.

दुसऱ्या प्रकारात टाकीच्या झाकणापासून आरंभ करावा. झाकण सैल करताच हवा ओढल्याचा आवाज येऊन गाडी सुधारली, तर झाकणाचे श्वासछिद्र बुजलेले आहे. त्यानंतर फिल्टर, पेट्रोल पंपाचा पडदा, फ्लोटची पातळी व शेवटी जेट ह्या क्रमाने पाहावे. जेट तारेने कोरू नये. त्याचे माप कायमचे बिघडते. हवेच्या दाबाने ते साफ करावे.

इथेनॉलमिश्रित पेट्रोल

२०२५ पासून आपल्या देशातील पंपांवर सामान्यतः २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉलमध्ये वजनाने सुमारे ३५ टक्के प्राणवायू असल्याने अशा इंधनास हवा कमी लागते. नव्या गाड्या पेट्रोलचे प्रमाण आपोआप वाढवितात. कार्बोरेटरचे जेट मात्र ठरावीक मापाचे असते. साहजिकच जुन्या गाडीत मिश्रण काहीसे विरळ होते, आणि आधीचा लहान दोषही उघडा पडतो. शिवाय इथेनॉल जुने रबर खराब करते व पाणी शोषून घेते. म्हणून नळ्या व पंपाचा पडदा इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचा बसवावा, आणि हंगामानंतर गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असल्यास टाकीत जुने पेट्रोल ठेवू नये. वरील सर्व दोष दूर झाल्यावरही इंजिन विरळ चालत असेल, तरच अनुभवी कारागिराकडून किंचित मोठे जेट बसवून घ्यावे.

कार्बोरेटरचा बाहेरील स्क्रू केवळ मंद गतीचे मिश्रण बदलतो. चढावरील उपासमार त्याने दूर होत नाही. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी एखाद्या गाडीवर ह्या परीक्षा शेतकऱ्यांना प्रत्यक्ष करून दाखवाव्यात. आधी दोष ओळखावा, मगच स्क्रूला हात लावावा, एवढे पथ्य पाळले तरी ऐन काढणीच्या दिवसांत गाडी दारात उभी राहण्याची वेळ बहुधा येणार नाही.