ग्राहक एक, डोमेन दोन

दुकान एका डोमेनवर आणि पैसे भरण्याचं पान दुसऱ्यावर असलं, की गूगल अ‍ॅनालिटिक्सला एकच ग्राहक दोन वेगळी माणसं वाटतो. ओळखक्रमांक जपणारी ‘जीए’ कुकी ज्या डोमेनवर तयार होते, तिथेच वाचता येते.

तोडगा मात्र सुंदर आहे! गूगल अ‍ॅनालिटिक्स ४ च्या सेटिंग्जमध्ये दोन्ही डोमेन नोंदवली, की क्लिक करताच लिंकला ‘जीएल’ हे पॅरामीटर जोडलं जातं आणि तोच क्रमांक पलीकडे पोचतो. या पॅरामीटरची मुदत फक्त २ मिनिटं. म्हणून ती लिंक नंतर दुसऱ्याला पाठवली तरी दोघांची ओळख मिसळत नाही.

सबडोमेनसाठी हा खटाटोप लागत नाही.

सेटिंग केल्यावर पुढच्या पानाच्या पत्त्यात ‘जीएल’ दिसतं का, हे जरूर तपासावं; मधलं रीडायरेक्ट अनेकदा ते गाळून टाकतं.