बॉनेटचा पैसा जातो कुठे?

नव्वदीच्या अखेरीस आलेल्या ‘सॅन स्टॉर्म’ या देशी दोन-आसनी स्पोर्ट्स गाडीची बॉडीच फायबरची होती. अशा गाडीचं बॉनेट आज तडकलं, तर अमरावती-अकोल्याच्या दुकानांत ते तयार कुठून मिळणार? घडवूनच घ्यावं लागतं.

खर्च खातो तो साचा. जुनं बॉनेट दुरुस्त करून, त्यावर मेण घासून साचा उचलतात. मग साच्यात जेलकोट, म्हणजे बाहेरचा गुळगुळीत थर, त्यावर काचतंतूंची मॅट, ब्रशनं रेझिन आणि रोलरनं एकेक बुडबुडा बाहेर. आत राहिलेला बुडबुडा उन्हात फुगतो नि रंगाला फोड येतात. साच्याची सगळी मजुरी एकाच नगावर पडते, म्हणून पहिलं बॉनेट महाग. दुसरं बरंच स्वस्त, पण दुसरं हवंय कोणाला!

वऱ्हाडात खरी गंमत उन्हाची. रेझिन घट्ट होताना स्वतःच तापतं, त्यात अकोल्याचा ४५ अंशांचा मे महिना. रेझिन घट्ट करायला मिसळतात तो हार्डनर जरा जास्त पडला, की ब्रश फिरायच्या आत डब्यातच दगड. म्हणून हे काम सकाळीच उरकलेलं बरं.

करून घेणार असाल, तर लॉकच्या जागी आतून लोखंडी पट्टी बसवायला सांगा. नुसत्या पातळ फायबरात स्क्रू टिकत नाही, आणि वेगात उघडलेलं बॉनेट थेट समोरच्या काचेवर येतं.